थोरल्या मॅक्झिमचे कान, धाकट्याचा सायलेन्सर

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ३० मार्च १९०९ रोजी ९१६८८५ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय होता आवाज न करणारी बंदूक. अर्जदार हायरम पर्सी मॅक्झिम, मुक्काम हार्टफर्ड, राज्य कनेक्टिकट. मॅक्झिम हे आडनाव तेव्हा जगभर ठाऊक होते, पण नेमक्या उलट कारणासाठी. पर्सीचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी १८८४ मध्ये स्वयंचलित मशीनगन बनवली. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या सोडणाऱ्या या तोफेने आफ्रिकेत १८९३ च्या माटाबेले युद्धात काय केले, ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. ब्रिटनने थोरल्या मॅक्झिमना १९०१ मध्ये ‘सर’ केले. तोपर्यंत त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. आपल्याच तोफेच्या कानाशी वर्षानुवर्षे उभे राहून चाचण्या घेतल्याची किंमत त्यांच्या कानांनी मोजली होती.

मुलाने बाराचा आवाज दाबण्याचे यंत्र काढले ते वडिलांच्या बहिरेपणामुळे, असे म्हणायचा मोह होतो. पण त्याला पुरावा नाही. थोरले मॅक्झिम १८८१ मध्ये इंग्लंडला गेले ते तिकडचेच झाले. बायको आणि तीन मुले अमेरिकेतच राहिली. पर्सी सोळाव्या वर्षी, १८८६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे हार्टफर्डच्या पोप कंपनीत त्याने सुरुवातीच्या मोटारगाड्यांवर काम केले. आपल्या सायलेन्सरबद्दल त्याने दिलेले कारण साधे होते. त्याला नेमबाजीची आवड होती, आणि त्या आवडीपायी शेजारपाजारच्यांच्या डोक्याला ताप होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. कल्पना कशी सुचली हेही त्याने सांगून ठेवले आहे. न्हाणीघरातल्या टबातले पाणी भोवरा करत फिरत फिरत खाली जाते. नळीतून सुसाटणाऱ्या वायूलाही असेच गरगर फिरवून, दमवून मग बाहेर सोडले तर?

रायफलचा बार म्हणजे एकच आवाज नसतो. दारू पेटल्यावर तयार झालेला तप्त वायू गोळीमागोमाग नळीच्या तोंडातून एकदम मोकळा होतो. तो पहिला आणि सर्वांत मोठा धमाका. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि हरणाच्या शिकारीची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास. त्यामुळे ती आपल्या वाटेवर आसुडासारखा कडाका काढत जाते. सायलेन्सरचा इलाज फक्त पहिल्या आवाजावर चालतो. नळीच्या टोकाला बसवलेल्या डब्यात पडद्यापडद्यांचे कप्पे असतात. वायू त्यांत पसरतो, थंडावतो आणि वेळ घेऊन बाहेर येतो. कुकरची वाफ शिटीतून सुटणे आणि झाकणच उडणे, यांत जो फरक तोच इथे. दुसऱ्या आवाजाला मात्र कोणत्याही डब्याचा उपाय नाही. वेगवान गोळीची रायफल सायलेन्सर लावूनही चांगलीच वाजते. ही गोष्ट पर्सी मॅक्झिमला ठाऊक होती. पुढच्या शंभर वर्षांत कायदे करणाऱ्यांनी आणि सिनेमा काढणाऱ्यांनी ती फारशी लक्षात घेतली नाही.

पर्सीने वृत्तपत्रांच्या बातमीदारांसमोर प्रात्यक्षिके केली, अमेरिकी सैन्याला नमुने चाचणीसाठी दिले आणि ‘मॅक्झिम सायलेंट फायरआर्म्स’ नावाची कंपनी काढली. किंमत दहा डॉलरच्या आतबाहेर. लोखंडी सामानाच्या दुकानात मिळे, पत्राने मागवला तर टपालाने घरी येई. आजच्या घेणाऱ्याला पडणारे बरेच प्रश्न त्याच वेळी समोर आले होते. १९०९ च्या नमुन्यात गोळीचे भोक डब्याच्या बरोबर मध्यावर होते, त्यामुळे डब्याचा वरचा भाग नेम धरायच्या माशीच्या आड येई. १९१० च्या नमुन्यात मॅक्झिमने ते भोक वरच्या बाजूला सरकवले. डबा नळीखाली लोंबल्यासारखा दिसू लागला, पण नेम मोकळा झाला. दुर्बिणीचा जमाना यायचा होता. तेव्हाच्या शिकाऱ्याला माशी दिसली नाही तर सगळेच खुंटले. कोणत्या काडतुसाला कोणता डबा घ्यावा, नळीवर आटे पाडावेत की जोडपट्टा वापरावा, याचे तक्ते कंपनी छापत असे. गिऱ्हाइकांच्या अनुभवांची पत्रेही पुस्तिका करून वाटत असे. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर १८९४ रायफलीवर मॅक्झिमचा सायलेन्सर होता. लाँग आयलंडवरच्या घराभोवतालचे उपद्रवी प्राणी मारताना शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी तो घेतला, असे सांगतात.

म्हणजे जन्माच्या वेळी ही वस्तू शेजारधर्माची होती. अंगणात बाटल्यांवर नेम धरणारी पोरे, कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्याची वाट पाहणारा शेतकरी, तळघरात सराव करणारा नेमबाज, ही तिची गिऱ्हाइके.

विरोधही लगेच झाला. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या वन्यजीवांची तेव्हा दैना झाली होती. गव्यांचे अफाट कळप संपले होते. एकेकाळी आभाळ झाकून टाकणाऱ्या प्रवासी कबुतरांतले शेवटचे १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. शिकारीवर हंगाम आणि परवान्यांची बंधने नुकती येऊ लागली होती. मैलोन्‌मैल रान सांभाळणाऱ्या रखवालदाराकडे चोरट्या शिकाऱ्याचा माग काढायला एकच खात्रीचे साधन होते: बाराचा आवाज. तोच गेला तर त्याने कुठे धावायचे? मेन राज्याने १९०९ मध्येच अशा साधनांवर बंदी घातली. गंमत अशी की थोरल्या मॅक्झिमचा जन्म त्याच राज्यातला. इतर काही राज्यांनीही पुढे शिकारीपुरती मनाई केली. त्या काळी हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. रान खरोखरच ओसाड होत होते आणि हाताशी दुसरे काही नव्हते.

पर्सी मॅक्झिमचे मन एका जागी फार रमणारे नव्हते. १९१४ मध्ये त्याने हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली, १९२६ मध्ये हौशी चित्रपटवाल्यांची संघटना काढली. बंदुकांच्या सायलेन्सरचा धंदा मंदावत गेला. विसाच्या दशकात कंपनीने आपली विद्या इंजिनांच्या, पंख्यांच्या आणि कारखान्यांच्या गोंगाटाकडे वळवली. तिथे तिला चांगले दिवस आले. वडिलांच्या आठवणींवरचे त्याचे पुस्तक १९३६ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तो वारला.

त्याआधी दोन वर्षे त्याच्या शोधावर मोठी कुऱ्हाड पडली होती. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी अमेरिका हादरली होती. शिकागोच्या गॅरेजमध्ये १९२९ च्या व्हॅलेंटाइन दिवशी सात जणांना टॉमीगन नावाच्या हलक्या मशीनगनने उभे कापले गेले होते. २६ जून १९३४ रोजी राष्ट्रीय शस्त्र कायद्यावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची सही झाली. मशीनगन, नळी कापलेल्या बंदुका आणि त्यांच्याच रांगेत सायलेन्सर. यांतली कोणतीही वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जायची तर दोनशे डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंद. मशीनगनवर संसदेच्या समितीत पुष्कळ चर्चा झाली; सायलेन्सरवर जवळजवळ नाहीच. मंदीच्या दिवसांत पोटासाठी चोरटी शिकार वाढेल ही धास्ती त्यामागे होती, असे बरेच जण म्हणतात, पण कामकाजाच्या नोंदींत याचा ठाम आधार सापडत नाही. दहा डॉलरच्या वस्तूवर दोनशेचा कर बसल्यावर ती दुकानातून नाहीशी झाली. बंदी हा शब्द न उच्चारता बंदी झाली.

यानंतरच्या तीस वर्षांत सायलेन्सरची जी ओळख जगाच्या मनात पक्की बसली, ती युद्धाने आणि सिनेमाने दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी विल्यम गॉडफ्रे डी लाइल यांनी बनवलेली कार्बाइन आजही सर्वांत शांत बंदुकांत गणली जाते. तिची गोळी मुळातच ध्वनीपेक्षा मंद होती, हे त्यामागचे गुपित. एकूण सव्वाशे-दीडशेच बनल्या. नंतर १९६२ मध्ये ‘डॉक्टर नो’ पडद्यावर आला. खोलीत बसलेला जेम्स बाँड, पिस्तुलाच्या टोकाला काळी नळी आणि ‘फुस्’ एवढाच आवाज. हे दृश्य नंतर इतक्या सिनेमांनी गिरवले की मारेकऱ्याचे हत्यार म्हणजे सायलेन्सर, हे समीकरणच झाले. पडद्यावरचा आवाज मात्र ध्वनिमुद्रण खोलीत घडवलेला असतो. खऱ्या पिस्तुलाचा दाबलेला बारसुद्धा शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

कायदा आणि सिनेमा यांच्या गडबडीत कानांचा विचार मागे पडला, आणि या वस्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय तोच आहे. शिकारीच्या रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी १६० ते १७० डेसिबल भरतो. कानाला एका क्षणात कायमची इजा होऊ शकते अशी सीमा १४० डेसिबलची धरतात. कामगारांसाठीच्या युरोपीय नियमांतही क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा तीच आहे. डेसिबलचे गणित फसवे असते. ३० डेसिबल उतरले म्हणजे आवाजाचा दाब सुमारे तिसाव्या हिश्शावर येतो. आतल्या कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर जातात: पाखरांची किलबिल, नातवंडांचे बोलणे, गर्दीतल्या संभाषणातली व्यंजने. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान अधिक खराब होतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. कानांच्या डॉक्टरांना हा डाव्या-उजव्यातला फरक पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. मग कानात बोळे घालावेत, असे कुणी म्हणेल. पण शिकारीचे अर्धे काम कानांनी होते. पाचोळ्यातली चाहूल, फांदी मोडल्याचा आवाज ऐकण्यासाठी बसलेला माणूस कान बंद करून घेत नाही. सोबतच्या कुत्र्याला तर बोळे घालताही येत नाहीत.

हा प्रश्न कामगारांच्या आरोग्याचा आहे, असे सरळपणे पाहिले ते उत्तर युरोपाने. पंचावन्न लाखांच्या फिनलंडमध्ये तीनेक लाख लोकांकडे शिकारीचा परवाना असतो. मूस नावाच्या धिप्पाड हरणाची सामुदायिक शिकार हा तिथल्या शरद ऋतूचा भागच आहे. तिथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात रायफलींवर सायलेन्सर लावून कानाशी पोहोचणारा आवाज पद्धतशीर मोजला आणि कान वाचवायचे हे साधन आहे असा निष्कर्ष काढला. फिनलंड आणि नॉर्वेत ही वस्तू शिकारीच्या सामानाच्या दुकानात इतर सामानासारखी मिळते. पूर्व फिनलंडमधल्या छोट्या कारखान्यांनी तिचा आकारही बदलला. डब्याचा मागचा भाग नळीवरून मागे सरकवून त्यांनी कप्प्यांना जागा केली, म्हणजे रायफलीची लांबी फार न वाढता डबा मोठा ठेवता येऊ लागला. दाट झाडीत शिरणाऱ्या, मचाणावर अवघडून बसणाऱ्या माणसाला या चार-सहा इंचांचे मोल कळते. त्याचबरोबर रायफलींच्या नळ्या आखूड होत गेल्या. साको आणि टिक्का या फिनिश रायफली कारखान्यातूनच आटे पाडून येऊ लागल्या.

ब्रिटनमध्ये या वस्तूला मॉडरेटर म्हणतात. परवान्यावर नोंद करून घ्यावी लागली तरी सशांच्या बंदोबस्तासाठी छोट्या रायफलींवर ती अनेक दशके चालत आली, आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्या पगारी रखवालदारांच्या मोठ्या रायफलींवरही पोहोचली. न्यूझीलंडमध्ये हरणे आणि ससे दोन्ही बाहेरून आणलेले, दोन्हींनी डोंगर ओरबाडलेले. तिथे त्यांना मारणे हेच निसर्गरक्षण मानले जाते, आणि सायलेन्सर लावलेली रायफल ही रोजची गोष्ट आहे. जर्मनीची वाट वळणाची होती. एकेका राज्याने आपापल्या परीने सवलत द्यायला सुरुवात केली. तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटले की शिकाऱ्याला सायलेन्सरची गरज सिद्ध होत नाही, कानांवर लावायचे संरक्षक पुरेसे आहेत. शिकारी संघटनांना तो धक्का होता. दीड वर्षाच्या आत, २०२० च्या दुरुस्तीने, संसदेने परवानाधारक शिकाऱ्यांना मोठ्या रायफलींसाठी तो देशभर मोकळा केला.

आज असा शिकारी दुकानात उभा राहतो तेव्हा निवड करावी लागते ती परस्परांशी भांडणाऱ्या गुणांतून. डबा जितका मोठा तितका आवाज कमी, पण तितकेच वजन नळीच्या टोकाशी, जिथे पाचशे ग्रॅमही दिवसभर डोंगर चढताना जड होतात. पोलाद टिकाऊ, पण वजनदार आणि ओलीने गंजणारे. ॲल्युमिनियम हलके, मात्र लागोपाठच्या बारांच्या उष्णतेने लवकर झिजणारे. टायटेनियम हलकेही आणि मजबूतही, पण खिशाला चटका. अलीकडे टायटेनियमचे डबे त्रिमितीय छपाईने एकसंध घडवले जातात, त्यामुळे कारागिराच्या सांध्यांचा प्रश्न उरत नाही. आट्यांचा मेळ पाहावा लागतो: युरोपात चौदा किंवा पंधरा मिलिमीटर व्यासाचे मेट्रिक आटे, अमेरिकेत इंचांतले. डबा लावल्यावर गोळी पडण्याची जागा सरकते, म्हणून नेम पुन्हा जुळवावा लागतो. आणि एकदा जुळवलेला नेम डबा काढून-घालून तोच राहतो की नाही, ही त्याच्या घडणीची खरी परीक्षा. जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो तो डेसिबलचा आकडा. अनुभवी शिकारी मात्र वजन, लांबी आणि नेमाचा भरवसा आधी विचारतात. १६५ डेसिबलचा बार १३८ वर आला की १३३ वर, हा फरक कानाला आहेच. पण डबा जड म्हणून घरीच राहिला तर तो शून्य कामाचा.

दाबलेल्या बाराचे आणखी दोन फायदे वापरणारे हमखास सांगतात. वायू पुढच्या पडद्यांवर आदळत असल्याने खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, आणि धक्क्याला भिऊन चाप ओढताना दचकणारा नवखा माणूस शांत राहतो. जनावर जखमी होऊन पळण्याचे प्रसंग त्यामुळे टळतात. या बाजूने पाहिले तर ही वस्तू सावजाच्याही बाजूची आहे.

भारतातली गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि शस्त्र नियमांच्या अनुसूचीत बाराचा आवाज वा झोत कमी करणारे कोणतेही साधन प्रतिबंधित गटात येते. कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आजही अनेक घरांत सापडते, पण तिथे बाराचा आवाज हीच कामाची गोष्ट आहे. भातात उतरलेले रानडुक्कर गोळीपेक्षा धमाक्याने हुसकले जाते.

अमेरिकेत हवा बदलली ती हळूहळू. टेक्सासने २०१२ मध्ये सायलेन्सर लावून शिकारीला मोकळीक दिली. आता बहुतेक राज्यांत ती आहे. कराचे दोनशे डॉलर तसेच राहिले आणि महागाईने त्यांचे वजन उतरवले, म्हणून नोंदलेल्या सायलेन्सरांची संख्या २०२४ पर्यंत चाळीस लाखांवर गेली. कान वाचवण्याच्या नावाने आलेले विधेयक २०१७ मध्ये पुढे सरकत असतानाच ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी लास वेगासमध्ये हत्याकांड झाले आणि ते बाजूला पडले. विरोधकांचे म्हणणे असे की गोळीबार कुठून होतो आहे हे लोकांना आणि पोलिसांना आवाजावरूनच कळते. मे २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत बारा जणांना मारणाऱ्याच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता, हे ते विसरू देत नाहीत. हा आक्षेप हलका नाही. गुन्ह्यांत या साधनाचा वापर एकूण विरळा असला तरी ज्यांची माणसे गेली त्यांना टक्केवारी सांगून चालत नाही.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि सरकारी नोंद कायम राहिली. त्यातून एक नवाच पेच उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये १९३४ चा कायदा उचलून धरला होता, तो संसदेच्या कर बसवण्याच्या अधिकाराच्या आधाराने. आता करच शून्य असेल तर नोंदणीची सक्ती कशावर उभी, असा सवाल करणारे दावे बंदूकधारकांच्या संघटनांनी फेडरल न्यायालयांत दाखल केले आहेत.